भित्तिपत्रकातला बुद्ध आणि जमिनीवरून दिसणारा बॉम्ब

१

माळेगाव बुद्रुकला मी ज्या महाविद्यालयात शिकवतो तेथील विद्यार्थ्यांनी गेल्या हिरोशिमा दिनाला, म्हणजे ६ ऑगस्टला, अण्वस्त्रांच्या विरोधात भित्तिपत्रके तयार केली. एकंदर एकवीस भित्तिपत्रके होती. ती आधी महाविद्यालयात लागली आणि नंतर वस्तीतल्या विहाराच्या भिंतीवर. महाविद्यालयात त्यांचे कौतुक झाले. विहाराच्या भिंतीवर त्यांची परीक्षा झाली. या परीक्षेत एकोणीस भित्तिपत्रके का नापास झाली आणि दोन का टिकली, याचा विचार मी येथे मांडणार आहे. विद्यार्थ्यांना गुण देणे हा या लेखाचा हेतू नाही. ते मी आधीच देऊन बसलो आहे, आणि त्यातले काही चुकीचे दिले हेही पुढे येईल.

प्रस्थापित मराठी समीक्षेने भित्तिपत्रकाला फारसे कधी जवळ केले नाही. कविता, कथा, नाटक, फार तर चित्र, येथवर तिची मजल. खळीने चिकटवलेला कागद पावसात भिजतो, शेळी त्याचा कोपरा खाते, दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा कागद चढतो. अशा अल्पायुषी वस्तूला सौंदर्यमूल्य कसले, असा तिचा समज असावा. दलित साहित्यावरही याच जातीचा आरोप झाला होता की, हे साहित्य नव्हे, हा प्रचार आहे. त्याला आपल्या लेखकांनी दिलेले उत्तर भित्तिपत्रकालाही लागू पडते. माणसाच्या बाजूने उभे राहणे हा कलेचा दोष ठरत नाही. परंतु या उत्तराचा दुसरा अर्धा भाग आपण सोयीने विसरतो. बाजू बरोबर आहे एवढ्याने कृती चांगली होत नाही. चुकीचे चित्र बरोबर बाजूलाही दगा देते. म्हणून ज्याला बाजू मान्य आहे त्यानेच भित्तिपत्रकाची कठोर समीक्षा केली पाहिजे. विरोधक ती करणार नाहीत. ते फक्त कागद फाडतील.

२

एकवीसपैकी तेरा भित्तिपत्रकांवर ढग होता. तोच, सगळ्यांना ठाऊक असलेला, खाली देठ आणि वर छत्री असलेला ढग. कोणी तो लाल केला होता, कोणी काळा, कोणी त्यात कवटी घातली होती, कोणी त्याच्या शेजारून कबुतर उडवले होते. चित्रकला बरी होती. विहारापुढे एक आजी बसलेल्या असतात. त्यांचे सारे आयुष्य उसाच्या फडात आणि दुसऱ्याच्या खुरपणीत गेले. त्यांनी विचारले, "हे झाड कशाचं रं?" विद्यार्थी म्हणाला, "आजी, झाड न्हाय, अणुबॉम्ब हाय." त्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बॉम्ब पडला म्हणतूस, मग माणसं कुठं हायती?"

विद्यार्थ्याकडे उत्तर नव्हते. त्या वेळी माझ्याकडेही नव्हते. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आले की, समीक्षेचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न त्या आजींनी एका वाक्यात विचारला होता. हे चित्र कोठे उभे राहून पाहिलेले आहे?

हिरोशिमावरच्या ढगाचे जगप्रसिद्ध छायाचित्र बॉम्ब टाकणाऱ्या 'एनोला गे' विमानातून घेतले गेले. ते त्या विमानाच्या शेपटाकडे बसलेल्या सैनिकाने काढले. म्हणजे आपण ज्याला अणुबॉम्बचे चित्र समजतो ते बॉम्ब टाकून परत निघालेल्याच्या नजरेतले चित्र आहे. त्या उंचीवरून माणूस दिसत नाही. धूर दिसतो, आणि तो भव्य दिसतो. जमिनीवरचे चित्र त्याच दिवशी दुसऱ्या एका माणसाने काढले. योशितो मात्सुशिगे हे हिरोशिमातल्याच वर्तमानपत्राचे छायाचित्रकार. ते मियुकी पुलाजवळ पोचले तेव्हा तेथे भाजलेली माणसे बसलेली होती, त्यांत शाळकरी मुले होती. कॅमेऱ्याचा खटका दाबायला त्यांचा हात उठेना. त्या सबंध दिवसाची त्यांची पाचच छायाचित्रे शिल्लक आहेत. ढगाचे चित्र लगोलग जगभर गेले. जमिनीवरची चित्रे जपानवरचा अमेरिकी ताबा संपल्यावर, १९५२ साली, मोठ्या प्रमाणावर लोकांपुढे आली. मधली सात वर्षे जगाने हिरोशिमा वरूनच पाहिले.

आपल्या वाचकाला हा फरक समजावून सांगण्याची गरज नाही. वरून पाहणे आणि खालून पाहणे हा आपल्याकडे केवळ कॅमेऱ्याच्या कोनाचा प्रश्न नाही. ज्यांनी हजारो वर्षे हा समाज वरून पाहिला त्यांना त्याची रचना सुबक दिसली. ज्यांनी खालून पाहिला त्यांना त्याचे वजन कळले. दलित साहित्याने मराठीत घडवलेला बदल नजरेच्या जागेचा होता. मग आपलीच मुले अण्वस्त्रांचा निषेध करताना विमानात जाऊन का बसतात? कारण उसने चित्र हाताशी तयार असते. आणि उसन्या चित्राबरोबर उसनी नजरही येते.

इरी आणि तोशी मारुकी या जपानी चित्रकार पती-पत्नींनी १९५० पासून हिरोशिमावर जी मोठी चित्रफलकांची मालिका रंगवली तिच्यात माणसांची शरीरे भरलेली आहेत. ढगाच्या भव्यतेला तिच्यात केंद्रस्थान नाही. बॉम्ब पडल्यानंतर काही दिवसांतच ते दोघे हिरोशिमात पोचले होते आणि त्यांनी जमिनीवरून पाहिले होते. आजींच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडे होते.

३

ढगाच्या खालोखाल आमच्या व्हरांड्यात गर्दी होती ती एका वर्तुळाची: मधोमध उभी रेघ आणि खाली दोन तिरक्या रेघा. मुलांनी ते चिन्ह सदऱ्यांवर पाहिले होते. त्याचा अर्थ एकालाही सांगता आला नाही. एकजण म्हणाला, "सर, मोटारीचं चिन्ह आहे, थोडं बदललेलं."

हे चिन्ह जेराल्ड होल्टम या ब्रिटिश चित्रकाराने १९५८ साली केले. त्या वर्षीच्या ईस्टरमध्ये लंडनहून ऑल्डरमास्टनच्या अण्वस्त्रनिर्मिती केंद्रापर्यंत लोक पायी गेले, त्या मोर्चासाठी. निशाणे हातात धरून दुरून संदेश देण्याची जी पद्धत असते तिच्यातली इंग्रजी 'एन' आणि 'डी' ही दोन अक्षरे त्याने एकमेकांवर ठेवली. त्यांचा अर्थ अण्वस्त्रत्याग. पुढे त्याने असेही सांगितले की, मनात होता तो हताश होऊन दोन्ही हात खाली पसरून उभा असलेला माणूस. म्हणजे या चिन्हाच्या मुळाशी माणूस आहे. त्याने त्यावर मालकी हक्क ठेवला नाही, म्हणून ते जगभर गेले. आणि जगभर जाता जाता त्यातला माणूस गळून पडला, रेघा उरल्या. ज्या वाचकाला ती निशाणांची लिपी ठाऊक नाही त्याच्यापुढे हे चिन्ह मुके आहे. माळेगावच्या भिंतीवर ते काहीच बोलत नाही.

मग परक्यांकडून काहीच घेऊ नये काय? माझे म्हणणे तसे नाही. चित्र उसने घेऊ नये, पद्धत जरूर घ्यावी. पीटर केनार्ड या ब्रिटिश चित्रकाराने १९८० साली, अमेरिकेची क्रूझ क्षेपणास्त्रे इंग्लंडमध्ये आणून ठेवण्याचे ठरले होते तेव्हा, एक जोडचित्र केले. कॉन्स्टेबलचे १८२१ सालचे एक निसर्गचित्र आहे. ओढ्यातून गवताची गाडी चालली आहे. इंग्लंडमध्ये ते घराघरांत टांगलेले असते. केनार्डने त्या गाडीवर क्षेपणास्त्रे लादली. बाकी चित्र तसेच ठेवले. घरातले, ओळखीचे, प्रेमाचे चित्र घ्यायचे आणि त्यात बॉम्ब कोठे येऊन बसला आहे ते दाखवायचे, ही ती पद्धत. आमच्या एका विद्यार्थ्याने केनार्डचे चित्र जसेच्या तसे उतरवले, गवताच्या गाडीसकट! त्याने हा प्रश्न स्वतःला विचारायला हवा होता की, माळेगावात घराघरांत टांगलेले चित्र कोणते? उत्तर सोपे होते. वस्तीत प्रत्येक घरात दोन चित्रे असतात, बाबासाहेबांचे आणि बुद्धाचे.

४

सहा भित्तिपत्रकांवर बुद्ध होता. त्या सहांवर मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण येथे नुसत्या चित्रकलेचा प्रश्न राहत नाही.

११ मे १९९८ या दिवशी बुद्धपौर्णिमा होती. मी सात-आठ वर्षांचा होतो. विहारात वंदना झाली होती, आई आणि शेजारच्या बाया खीर वाटत होत्या. संध्याकाळी बातमी आली की, पोखरणला अणुचाचणी झाली. चौकात पेढे वाटले गेले. ज्या हातावर खीर घेतली त्याच हातावर मी पेढाही घेतला. आमच्या वस्तीतल्या कोणालाही त्या संध्याकाळी हे दोन पदार्थ एकमेकांच्या विरोधात आहेत असे वाटले नाही. पुढे वाचू लागलो तेव्हा तो पेढा आठवू लागला. त्यानंतर पोखरणची वाळू प्रसादासारखी देशभर फिरवण्याची कल्पना हिंदुत्ववादी मंडळींनी मांडली होती, हेही तेव्हाच वाचले.

१९७४ सालच्या पहिल्या चाचणीचे सांकेतिक नावच 'हसणारा बुद्ध' असे होते. त्या बॉम्बचे प्लुटोनियम महाराष्ट्राच्या भूमीवर, तुर्भ्याच्या 'सायरस' अणुभट्टीत तयार झाले होते आणि सरकारने त्या स्फोटाला शांततापूर्ण म्हटले होते. बॉम्बला शांतता म्हणायचे असेल तर बुद्धाचे नाव सोयीचे पडते. ज्या देशाने बुद्धाला घराबाहेर काढले त्या देशाने बॉम्बच्या बारशाला मात्र त्याला आठवणीने बोलावले! आमच्यासाठी बुद्ध शोभेची मूर्ती नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला लाखो माणसांनी त्याच्या नावाने माणूसपण परत घेतले. त्या नावाची अशी चोरी होते तेव्हा तिचा निषेध करण्याचा पहिला अधिकार आपला आहे, आणि पहिले कर्तव्यही.

परंतु निषेध खरा असला पाहिजे. सहापैकी चार भित्तिपत्रकांवर लिहिले होते की, दोन्ही चाचण्या बुद्धपौर्णिमेला झाल्या. हे सर्रास लिहिले जाते, मोठमोठ्या ग्रंथांतही. १९७४ ची चाचणी १८ मे रोजी झाली. त्या वर्षीची वैशाखी पौर्णिमा ६ मे रोजीच होऊन गेली होती. १८ मे हा वद्य पक्षातला दिवस. १९९८ ची तारीख मात्र पौर्णिमेचीच. हा तपशील क्षुल्लक आहे असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. भिंतीवर लिहिणाऱ्याजवळ ना सत्ता असते ना छापखाना. त्याच्याजवळ एकच भांडवल असते, आपण लिहिले ते खरे आहे हे. ते एकदा गेले की भिंत त्याची राहत नाही. जुन्या चुकीला नावाचा पुरावा पुरेसा आहे. तिला खोट्या पौर्णिमेची गरज नाही.

दुसरा दोष अधिक खोल आहे. या सहाही भित्तिपत्रकांवर बुद्ध रडत होता. मिटलेले डोळे, गालावर अश्रू, मागे आग. राज्यसत्ता म्हणाली, बुद्ध हसला. मुले म्हणाली, बुद्ध रडला. हसू पुसून तेथे अश्रू काढला म्हणजे उत्तर दिले असे होत नाही. दोन्हींत बुद्धाचा फक्त चेहरा वापरलेला आहे. तो काही करत नाही, काही म्हणत नाही. दुसऱ्यांनी केलेल्या गोष्टीवर त्याने हसायचे किंवा रडायचे. झारखंडमधल्या जादूगोड्याच्या युरेनियम खाणींवर श्रीप्रकाश यांनी १९९९ साली माहितीपट केला. जादूगोड्यात बुद्ध रडतो, असे त्याचे नाव आहे. तेथे ते नाव शोभते, कारण त्या नावाखाली खाणीच्या आणि तिच्या कचऱ्याच्या शेजारी राहणाऱ्या आदिवासी माणसांचे चेहरे आहेत. आमच्या भित्तिपत्रकांवर नाव होते आणि अश्रू होता. चेहरे नव्हते.

५

बुद्धाला युद्धाविषयी काय म्हणायचे होते हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ते अगदी आरंभीच्या भागात आहे. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही कथा बाबासाहेबांनी नाकारली. त्यांच्याआधी धर्मानंद कोसंबींनीही ती नाकारली होती. बाबासाहेबांनी मांडलेला प्रसंग असा. शाक्य आणि कोलीय यांच्यामध्ये रोहिणी नदी होती. तिचे पाणी दोघेही शेतीला वापरत. पाणी आधी कोणी घ्यायचे यावरून दोन्हीकडच्या नोकरांत मारामारी झाली, माणसे जखमी झाली. शाक्यांच्या सेनापतीने संघात युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने उभे राहून विरोध केला. चूक कोणाची ते आधी तपासा, दोन्ही बाजूंची माणसे नेमून तंटा मिटवा, असे तो म्हणाला. ठराव बहुमताने युद्धाच्या बाजूने गेला. सैन्यात यायला त्याने नकार दिला. तेव्हा कुटुंबावर सामाजिक बहिष्कार टाकण्याची धमकी आली, आणि ती शिक्षा घरच्यांवर येऊ नये म्हणून त्याने स्वतःहून देश सोडला.

नीरा डाव्या कालव्याच्या काठी राहणाऱ्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागतो काय? आमच्याकडे पाण्याची पाळी कोणाची यावरून रात्री चारीवर फावडी उगारली जातात. पाणी मालकाचे, ऊस मालकाचा, आणि डोके फुटते ते रात्री दारे धरायला पाठवलेल्या गड्याचे. रोहिणीच्या काठी तेच झाले. भांडले नोकर, युद्ध पुकारले मालकांनी. आणि ज्याने नको म्हटले त्याला जी धमकी मिळाली तिचे नाव बहिष्कार. या शब्दाची ओळख आपल्याला कोणी करून द्यायला नको.

एकविसातले एकच भित्तिपत्रक येथे पोचले होते. ते दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीचे होते. तिने मधोमध पाट काढला, दोन्ही काठांवर सारखीच दिसणारी, सारख्याच फाटक्या कपड्यांतली माणसे काढली आणि वर एकट्या माणसाचा उघडा तळहात. खाली लिहिले: नोकरांची डोकी फुटली. मालकांनी युद्ध मागितले. एकाने नको म्हटले. मी तिला कमी गुण दिले. विषयाला धरून नाही, असा शेरा मारला, कारण बॉम्ब कोठेच नव्हता. सर्वांत जास्त गुण मी दिले ते फलकाच्या दुकानातून छापून आणलेल्या ढगाला. शहरातल्या कोणत्याही प्रदर्शनात लावता येईल असे ते होते, एवढाच त्याचा गुण.

माझा शेरा अर्धा बरोबर होता हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. विहाराच्या भिंतीवर तिचे चित्र पाहून काहींना ते खरोखरच कालव्याच्या पाळीविषयी वाटले. चित्र लोकांपर्यंत पोचले, पण बॉम्बपर्यंत पोचले नाही. तिने ते पुन्हा केले. दुसऱ्या वेळी पाट खाली राहिला आणि वर संघाचे सभागृह आले. मधोमध बॉम्ब, भोवती ठरावाच्या बाजूने वर गेलेले हात, आणि त्यांत एकच तळहात समोर धरलेला. ही तर बुद्धमूर्तीची अभयमुद्रा. आपण ती रोज पाहतो आणि आशीर्वाद समजतो. तिने ती नकार म्हणून वाचली. होल्टमच्या माणसाचे हात हताशपणे खाली गेले होते. या सिद्धार्थाचा हात समोर आहे. तो हसत नाही, रडत नाही. तो मत देतो, आणि हरतो, आणि तरी मत बदलत नाही. अण्वस्त्रविरोधी बुद्धाचे याहून खरे चित्र मी पाहिलेले नाही.

६

चळवळीतल्या एका मित्राने ही सगळी भित्तिपत्रके पाहून विचारले, "सर, शिष्यवृत्त्या अडकल्यात, अत्याचार थांबत नाहीत. आपल्या पोरांना बॉम्बचं काय देणंघेणं? हा पोट भरलेल्यांचा विषय." हा आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. शहरातल्या शांतता-चळवळीने आपल्याला पुष्कळदा श्रोता म्हणून बोलावले, वक्ता म्हणून क्वचित. आपल्या रोजच्या युद्धाची तिला खबर नसते, हेही खरे.

पण बॉम्ब जात पाहत नाही हे वाक्य खोटे आहे, म्हणून हा विषय आपला आहे. जपानमध्ये बुराकू नावाची वस्त्यांबाहेर ठेवलेली जमात आहे. जनावरांचे कातडे आणि मृत शरीरे यांच्याशी संबंधित कामे तिच्याकडे होती. हिरोशिमा आणि नागासाकी या दोन्ही शहरांत तिच्या वस्त्या होत्या आणि त्याही होरपळल्या. कोरियातून आणलेले हजारो मजूर हिरोशिमात मेले. त्यांचे स्मारक १९७० साली उभे राहिले ते शांतता उद्यानाच्या हद्दीबाहेर. आत यायला त्याला १९९९ साल उजाडले. मेल्यावरही गावकुसाबाहेर! बॉम्बमधून जे वाचले त्यांना नोकरी नाकारली गेली, त्यांच्याशी सोयरीक टाळली गेली. भाजलेले शरीर हाच त्यांचा कलंक ठरला. त्यांची संघटना, निहोन हिदानक्यो, ऑगस्ट १९५६ मध्ये स्थापन झाली. नागपूरच्या दीक्षेच्या दोन महिने आधी. तिला २०२४ चे शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपली कहाणी जगाने ऐकावी म्हणून ती माणसे अडुसष्ट वर्षे आपली शरीरे पुढे करत राहिली होती. हे दुःख आपल्या भाषेत भाषांतर न करता कळते.

उरला पैशाचा प्रश्न. तेथे टिकलेले दुसरे भित्तिपत्रक कामी येते. ज्या विद्यार्थ्याने ते केले त्याचे वडील ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावे रंगवतात. त्याने चित्र काढलेच नाही. काळ्या कागदावर पांढऱ्या, ठसठशीत अक्षरांत दोन आकडे लिहिले: वर्षाचे उत्पन्न ३५० कोटी, सैन्यावर १८० कोटी. खाली, बाबासाहेब, १० ऑक्टोबर १९५१. मंत्रिमंडळाचा राजीनामा दिल्यावर बाबासाहेबांनी जे निवेदन केले त्यातले हे आकडे आहेत. त्यांचा रोख तेव्हाच्या परराष्ट्र धोरणावर होता, आणि ते निरपवाद अहिंसावादी नव्हते; हे लपवून त्यांना शांततेचे कबूतर करणे हीसुद्धा बुद्धाला हसवण्यासारखीच चोरी ठरेल. पण देशाच्या ताटातला अर्ध्याहून मोठा घास शस्त्रे खातात, मग उपाशी कोण राहते, हा हिशेब विचारण्याचा अधिकार त्यांनी आपल्याला शिकवला. ज्याच्या शिष्यवृत्त्या अडकल्या आहेत त्याने तर तो विचारलाच पाहिजे. पारावरच्या माणसांनी ते भित्तिपत्रक वाचून लगेच विचारले, "आन् आज किती?" विद्यार्थ्याने आता खाली रिकामी जागा सोडली आहे. दरवर्षी अर्थसंकल्पाच्या दिवशी आकडा काढून तो तेथे खडूने लिहिणार आहे.

७

भित्तिपत्रकाचे साहित्य हाही विचारांचा भाग आहे. दुकानात छापलेल्या फलकावर बुद्धामागे किरण येतात, खाली कमळ येते, अक्षरांना सोनेरी कड येते. कारण संगणकात हा साचा पुढाऱ्यांच्या वाढदिवसासाठी आधीच तयार असतो. त्यात बॉम्ब घातला तरी फलक शुभेच्छाच देत राहतो. याउलट ट्रॉलीवर अक्षरे रंगवणाऱ्याला ठाऊक असते की, वाचणारा चालत्या सायकलवर आहे. पाच-सात शब्दांच्या वर वाक्य नको, जोडाक्षरे कमी, शिरोरेषा जाड, दोन रंग पुरे. चुना, काव, नीळ आणि काजळी यांत जे सांगता येत नाही ते बहुधा आपल्याला नीट कळलेलेच नसते.

एक चूक सर्वस्वी माझी. ऑगस्टात भित्तिपत्रके लावायची आणि रंग पाण्यात विरघळणारे घ्यायचे, हे मी सुचवले. तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि विहाराच्या भिंतीवरून तेरा ढग ओघळून गेले. विद्यार्थिनीचे चित्र काजळी आणि डिंकाचे होते, आकड्यांचे ट्रॉलीच्या तैलरंगाचे. ती दोन राहिली.

आणखी एक नोंद करायला हवी. महाविद्यालयात ही भित्तिपत्रके पहिल्या दिवशी फाटकाशी लावली होती. स्वातंत्र्यदिन जवळ आला आहे, पाहुणे येतील, गैरसमज होईल, असे सांगून ती आत व्हरांड्यात न्यायला लावली गेली. विहाराची भिंत त्यामुळेच मिळाली. आनंद पटवर्धन यांच्या 'जंग और अमन' या अण्वस्त्रविरोधी माहितीपटालाही परीनिरीक्षण मंडळाने कात्री लावायला सांगितले होते. २००३ साली मुंबई उच्च न्यायालयाने तो विनाकाट दाखवायला परवानगी दिली. आमच्या एकवीस कागदांसाठी न्यायालयात जाण्याची गरज पडली नाही. जी मुले फाटकाशी उभी राहू शकली नाहीत ती आपल्याच विहाराशी आली, आणि तेथे त्यांना व्हरांड्यात भेटला नसता असा समीक्षक भेटला.

पुढच्या ६ ऑगस्टला आम्ही कागद वापरणार नाही. भिंतीलाच चुना देऊन त्यावर लिहू. विद्यार्थ्यांना मी या वेळी एकच अट घातली आहे. चित्र पुरे झाले की आधी ते विहारापुढे बसलेल्या आजींना दाखवायचे. त्यांनी माणसे कुठे आहेत असे विचारले, तर ते पुन्हा काढायचे.